चंदेरी बुटांचा म्हातारा

आयर्लंडमध्ये लिमरिकला मुलाकडे होतो तेव्हा लॉकडाऊनमध्ये पायी फिरायची तेवढी मोकळीक होती. वाटेत एक जुना नाइटक्लब लागायचा, कैक वर्षांपूर्वी बंद पडलेला. त्याच्या दाराशी रोज एक म्हातारा दिसायचा. अंगात साधा कोट, पायात मात्र जाड टाचांचे चंदेरी बूट. काठी भिंतीला टेकवायचा आणि गाणंबिणं काही नसताना नाचायचा. नाच झाला की सावधान उभा राहायचा. मला वाटलं, डोकं फिरलंय.

बोटीवर भांडी घासताना शिकलेल्या मोडक्या इंग्रजीत एकदा विचारलंच, "बाबा रे, बंद दारापुढे कसला नाचतोस?"

तो हसला. म्हणाला, "तेव्हा आम्ही पोरं गालाला चमकी लावून इथे यायचो. शेवटी राष्ट्रगीत लागायचं, सगळे ताठ उभे. बायको इथेच भेटली. आता तीही गेली, क्लबही गेला. पण आम्ही नाचलो ते कोण काढून घेणार?"

माझी बायको जाऊन वर्ष झालं होतं. घरात कुणी तिचा विषय काढला की मी ताटावरून उठायचो. मुलगा आणि सून गप्प राहायला शिकले होते. त्या म्हाताऱ्यापुढे मात्र मी तिच्याबद्दल बोलत सुटलो, तेही मराठीत. त्याला ओ की ठो कळलं नसणार, तरी "ग्रँड, ग्रँड", म्हणजे तिकडचं 'छान, छान', म्हणत मान डोलवत होता.

घरी आलो आणि मुलाला म्हटलं, "बस इथे. मी तुझ्या आईला बघायला गेलो, तेव्हा तिनं मला काय सुनावलं, ते सांगतो."