राजाची अडीच घरं

"मर साल्या!" असं ओरडून तो समोरचा मोहरा आपल्या मोहऱ्यानं हाणायचा आणि पटाबाहेर उडवायचा. दिग्रसच्या आमच्या बुद्धिबळ मंडळात त्याच्यासमोर बसणारा आधी चष्मा काढून ठेवायचा.

कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर होता. मनगट हे एवढं. काळे मोहरे मिळाले की खूश, कारण मोबाइलवर बघून सिसिलियन बचाव शिकला होता. समोरच्यानं राजापुढचं प्यादं सरकवलं, की हा वजिराच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे आपटणार. 'बचाव' या शब्दाचा मात्र त्याला राग.

"बचाव कायले म्हंता? हे त सरळ भांडण होय!"

भांडण त्याला नवं नव्हतं. चाल परत घेण्यावरून एकदा त्यानं सख्ख्या धाकट्या भावाच्या डोक्यात लाकडी पट घातला होता. रक्ताची धार, टाके. भाऊ पुसदला निघून गेला आणि बोलणं तुटलं. तुम्ही म्हणाल, माफी मागायची. या माणसाला तेवढंच येत नव्हतं.

यंदाच्या स्पर्धेत अंतिम फेरीला समोर तोच भाऊ आला. पंच मी. सिसिलियन लावून यानं अशी कत्तल मांडली, की मलाच भावाची दया आली. हत्ती देऊन घोडा मारला, भावाच्या राजापुढची प्यादी एकेक करून फाडली. भावाकडे मात करायची एकच धमकी उरली होती. वजिराला वजीर दिला की तीही संपत होती.

यानं जोशात, जुन्या सवयीनं राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला.

देशी डावात राजाला एकदा अशी उडी असते. बापानं दोघांनाही तसंच शिकवलेलं. स्पर्धेत ती चालत नाही. भावानं हात वर केला. मी नियम सांगितला. उडी रद्द, पण राजाला हात लावलाय, तेव्हा राजाच हलवावा लागेल. त्याला एकच घर मोकळं होतं, आणि तिथे पुढच्या चालीला मात.

त्यानं पट दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. मोहरे फरशीवर सांडले. मी खुर्चीमागे पळालो, खोटं कशाला सांगू?

भाऊ जागचा हलला नाही. "मार दादा. पण मंग बोल तरी."

पट बाजूला पडला. त्यानं भावाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि केस सारून खूण शोधली.

"लय लागलं होतं काय रे तुले?"

"लागलं होतं न."

रविवारी तो आता आमच्याकडे येत नाही, पुसदला जातो. दोघं देशी डाव खेळतात म्हणे, कापडी पटावर. लाकडी पट भावाच्या बायकोनं घरात येऊ दिलेला नाही.