वरच्याचा आवाज

आम्ही पाठीवर कमावलं, वहिनींनी घशावर. पाठ दुखली तर माणूस कण्हतो, घसा दुखला तर गप्प बसतो. म्हणून त्यांचे कष्ट फारसे कुणाला दिसले नाहीत. मी पाहिले आहेत.

त्या इंग्रजीचे उच्चार शिकवायच्या. भाषा नव्हे, फक्त उच्चार. परदेशी नोकरीला निघालेल्या नर्सा, जहाजावरचे खानसामे, हॉटेलातले वेटर त्यांच्याकडे यायचे. या लोकांना वाचता यायचं, लिहिता यायचं, पण तोंड उघडलं की समोरच्याला काही कळायचं नाही. घराच्या पुढच्या खोलीत बाकं, फळा आणि प्रत्येकाच्या हातात एक छोटा आरसा. त्यात स्वतःचे ओठ बघायचे. एका आवाजाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा. आपल्याकडे दोन्हींचं काम एका ‘व’वर भागतं, त्यामुळे सगळे तिथेच अडकायचे. ‘प’ म्हणताना तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची. पट्टी हलली नाही तर पुन्हा. वहिनी प्रत्येकाबरोबर स्वतः पुन्हा म्हणायच्या. ‘जमेल हळूहळू’ म्हणून त्यांनी कुणाला सोडलं नाही. संध्याकाळी जबडा इतका ठणकायचा की जेवताना घास एकाच बाजूने चावायच्या.

त्यांचा नवरा माझा जोडीदार. कारखान्यात तो क्रेन चालवायचा आणि मी खाली मालाला साखळ्या बांधायचो. सगळे त्याला ‘वरचा’ म्हणायचे आणि मला ‘खालचा’. नवा साहेब आला की कुणीतरी मुद्दाम म्हणायचं, वरच्याच्या मनात असेल तर माल हलेल. साहेब भाबडेपणाने हात जोडायचा.

त्या गोंगाटात ओरडून काही उपयोग नव्हता. सगळं काम खुणांवर. बोट वर करून फिरवलं की उचल. तळवा खाली दाबला की उतरव. चिमूट दाखवली की किंचित. मूठ म्हणजे थांब. मुठीचा नियम वेगळा होता. बाकीच्या खुणा मीच करायच्या, पण मूठ कुणीही दाखवो, अगदी झाडूवालाही, क्रेन जागच्या जागी थांबली पाहिजे. का म्हणून विचारायचं नाही. ओझं हवेत असताना वाद घालत नाहीत.

दिवसभर असा मुक्याने राबलेला माणूस घरी पोचला की दारातूनच हाक द्यायचा, “मास्तरीण, चहा टाका.” आत वर्ग चालू असला तरी. वहिनी म्हणायच्या, पत्रा वाजल्यासारखा आवाज आहे, निदान थोडा चंबू तरी करा. शिकणारे हसायचे. चहा व्हायचा.

निवृत्त होऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. अंघोळीला म्हणून उठला आणि पडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत सगळं होतं, ते डोळ्यांत दिसायचं. डॉक्टर म्हणाले, सराव करून घ्या, काही शब्द परत येतीलही, सांगता येत नाही. वहिनींनी यातलं पहिलं अर्धंच ऐकलं.

त्याला उठवून खुर्चीत बसवणं एकट्या बाईचं काम नव्हतं, म्हणून मी सकाळी जायचो. मी बसवलं की वहिनी आरसा घेऊन समोर बसायच्या. त्यांना फार काही नको होतं. ‘मास्तरीण’ एवढी एक हाक हवी होती. त्यातला ‘म’ आधी. ओठ मिटा, नाकातून सोडा. त्या स्वतः करून दाखवायच्या, त्याचे ओठ बोटांनी मिटवायच्या, त्याचा डावा हात आपल्या नाकाच्या हाडावर ठेवून थरथर दाखवायच्या. घाम फुटेपर्यंत तो करायचा. बाहेर यायचं ते एकच, घशात दगड घोळल्यासारखं. मग वहिनी तोंड पुसून वर्गावर जायच्या. कामात दोघांनीही कसूर केली नाही, हे मी शपथेवर सांगेन. फळ आलं नाही, हा कष्टाचा दोष नव्हे.

एक दिवस मला उशिरापर्यंत थांबता येणार नव्हतं. तो एकटा राहू नये म्हणून वहिनींनी त्याची खुर्ची वर्गाच्या मागच्या दारात आणवली. फळ्यावर त्या दिवशी वाक्य होतं, ‘व्हेरी वेल, वी विल वेट.’ म्हणजे, ठीक आहे, आम्ही वाट पाहू. त्यात दोन्ही ‘व’ ठासून भरलेले. सगळ्यांनी एकसुरात म्हणायचं. वर्ग म्हणाला, आणि त्यात पत्रा वाजला.

मी चपला घालत होतो. वळून पाहिलं तर वरचे दात खालच्या ओठावर, मग ओठांचा चंबू, सगळं जिथल्या तिथे. इतकी वर्षं दारात चहाची वाट बघत त्याने ते ऐकलं होतं. वहिनींनी वर्गाला पुन्हा म्हणायला सांगितलं. तो पुन्हा म्हणाला. त्या आत गेल्या. नळ बराच वेळ चालू राहिला.

त्या दिवसापासून वर्गात एकसुरातलं म्हणणं वाढलं. सगळे म्हणाले की तो म्हणायचा, सगळे थांबले की थांबायचा. एकट्याने एक अक्षर नाही. शेवटी वहिनींनी एक बेत केला. वर्गाला सांगितलं, आज इंग्रजी बाजूला, म्हणा, ‘मास्तरीण, चहा टाका.’ आधी हशा पिकला. मग त्यांचा चेहरा बघून लोक नीट म्हणायला लागले. वहिनींनी समजावलं होतं, मी हात खाली केला की तुम्ही गप्प व्हा, म्हणजे ते एकटे पुढे जातील.

पहिल्यांदा तो सगळ्यांबरोबर पूर्ण म्हणाला. दुसऱ्यांदा ‘मा’वर वहिनींचा हात खाली आला. आवाज गेले. त्याचाही गेला. तोंड तसंच उघडं राहिलं.

पुन्हा. पुन्हा. लाळ हनुवटीवर आली. एक नर्स हळूच म्हणाली, बाई, दमलेत ते. वहिनींनी ऐकलं नाही. तेवढ्यात त्याने डावा हात उचलला आणि मूठ आवळली.

“बघा, जोर लावतायत,” वहिनी म्हणाल्या. “चालू ठेवा.”

वर्ग पुन्हा म्हणायला लागला. मूठ वरच होती. मी पुढे झालो.

“वहिनी, ती मूठ जोराची नाही. थांब म्हणतोय तो.”

“रागावलेत?”

“राग नाही. ओझं हवेत आहे. आता हलवू नका.”

त्यांनी हात खाली घेतला. वर्ग थांबला. मग त्याची मूठ सुटली.

दुसऱ्या सकाळी वहिनी आरसा न घेता आल्या. म्हणाल्या, भावोजी, तुमच्या खुणा मला शिकवा, आणि चुकलं तर सोडू नका. मी सोडलं नाही. आता उलटं झालं होतं. खुणा वरच्याने करायच्या आणि आम्ही पाळायच्या. उशी किंचित वर. पाय खाली. बास. वहिनी सुरुवातीला चिमूट आणि मूठ यांत गोंधळायच्या, मग सरावल्या. घर सुरळीत चालायला लागलं.

एकदा त्याला निजवून आम्ही चहा घेत होतो.

“त्यांना वरून तुम्हाला हाक मारायची असली तर कुठली खूण होती?” वहिनींनी विचारलं.

“तसली खूण नव्हती.”

“का?”

“लागलीच नाही. तो खाली बघायचा तेव्हा मी वर बघतच असायचो.”

त्यांनी कप खाली ठेवला. पुढे त्यांनी ‘मास्तरीण’चं नाव काढलं नाही. पण वर्गाची बाकं फिरवली नाहीत आणि त्याची खुर्चीही मागच्या दारातून हलवली नाही. शिकवता शिकवता नजर तिकडे जायची. एकसुरातलं म्हणणं तेवढं ठेवलं, कारण त्यात तो असायचा.

त्याच्या शेवटच्या दुपारी मी मागच्या बाकावर होतो. सगळ्यांची तोंडं फळ्याकडे, वहिनी आमच्याकडे पाठ करून पुढचं वाक्य लिहीत होत्या. जुनं वाक्य वर्ग स्वतःच घोळवत होता, व्हेरी वेल, वी विल वेट. खोली भरून आवाज होता. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. माझ्या शेजारच्या खानसाम्यालाही नाही.

वहिनींचा खडू थांबला. त्या वळल्या नाहीत. फळ्याकडे तोंड ठेवूनच त्यांनी डावा हात वर केला आणि मूठ मिटली.

वर्ग गप्प झाला. मागच्या दारातून काहीच आलं नाही. मला कळलं, मघाच्या आवाजात पत्रा नव्हता, म्हणून मी उठलो नाही. मूठ वर होती तोवर कुणीच हललं नाही.