थांबा, मी येऊन राहिली!

अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत दोन गोष्टींचा ढीग होतो, फोटोंचा आणि किश्शांचा. फोटो देणगीदार मागतात, म्हणून ते नागपूरला जातात. किस्से कोणीच मागत नाही, ते माझ्याकडे पडून राहतात. आमच्या अध्यक्ष सुधाताई म्हणतात, मी त्यांना मीठमसाला लावतो. यांना नाही लावला. शप्पथ!

* * *

संस्था आमची साकोलीजवळची, दोन खोल्यांची. काम एकच: घरात एकट्या राहिलेल्या तीस म्हाताऱ्यांना दुपारचा डबा. अटही एकच: लाभार्थी तीसच्या खाली गेले की अनुदान बंद!

दर महिन्याला समाजमंदिरात सगळ्यांचा ग्रुप फोटो. मी बटण दाबणार, तेवढ्यात मागून आवाज, "थांबा, मी येऊन राहिली!"

सगुणाआजी. जन्म हातमागावर गेला, पण फोटोला कधी वेळेवर बसली नाही. आल्या आल्या तक्रार, "वरणात मीठ कमी होतं जी आज!"

डबा मात्र घासून, पालथा घालून ठेवायची. कडीला कोसा रेशमाचा एक धागा. "माहा डबा मले ओळखू याले पायजे ना!"

* * *

बॅनरही आमचा एकच. कार्यक्रमाची तारीख चिठ्ठीवर लिहून चिकटवायची, जुनीवर नवी. थर फारच जाड झाला म्हणून एकदा मी सगळ्या चिठ्ठ्या खरवडल्या. पार तळाला, सगळ्यात जुनी चिठ्ठी. तिच्यावर तारीख होती येत्या मंगळवारची!

"अक्षर तं तुमचंच दिसते, भाऊ," सुधाताई म्हणाल्या. खूप हसलो.

त्या मंगळवारी सगुणाआजी गेली.

* * *

"नाव कापलं तं एकोणतीस," सुधाताई यादीसमोर बसून म्हणाल्या. "मंग बाकीच्यायनं काय खावं?"

नवा लाभार्थी मिळेपर्यंत नाव ठेवायचं ठरलं. गावोगाव फिरलो. एक आजोबा सापडले. बायको नाही, पोरगा पुण्यात. पण असे भडकले!

"मी कायचा एकटा? दोन बैल आहेत ना माह्याजवळ!"

फॉर्ममध्ये बैलांचा रकाना नव्हता. हात हलवत परत आलो.

* * *

डबे पोचवतो ऑटोवाला देवाजी. सवयीने तो तीस डबे घेऊन निघाला आणि एक आजीच्या कुलूपबंद घराच्या ओट्यावर ठेवून आला. दुसऱ्या दिवशी आणायला गेला, तर डबा रिकामा. घासलेला. पालथा.

"कुत्र्यानं खाल्लं असन बे," मी म्हणालो.

देवाजीनं नवा धागा बांधलेली कडी माझ्यापुढे धरली. "कुत्रं धागा बांधते का, भाऊ?"

तेव्हापासून डबे तीसच निघतात. विषय कोणी काढत नाही.

* * *

मग तपासणी आली. नागपूरहून मॅडम, नवीन, इथल्या कोणालाच न ओळखणाऱ्या. भर दुपारी समाजमंदिराच्या पायऱ्यांवर म्हातारे बसवले. मी तीनदा मोजले. एकोणतीस!

सुधाताईंना राहवेना. "मॅडम, एक गोष्ट सांगायची होती..."

"आधी फोटो घेऊन टाकू," मॅडम म्हणाल्या आणि मोबाईल डोळ्यांसमोर धरला. मग खाली घेतला. वळून आमच्या पाठीमागे, रस्त्याकडे बघून हसल्या.

"थांबते हो, आजी! या सावकाश."

आमच्यापैकी कोणी मागे वळून पाहिलं नाही. पहिल्या पायरीवरचे म्हातारे मात्र सरकले. मधे एका माणसाची जागा झाली.

मॅडमनी वाकून कोणाचं तरी बोलणं ऐकलं, मान डोलावली. फोटो काढला. बोटाने एकेक मोजत शेवटपर्यंत गेल्या आणि फाईलवर सही ठोकली.

"तीस. बरोबर आहेत. डबा चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "फक्त वरणात मीठ थोडं वाढवा."