बाकावरची रेघ

त्या पॉलिशवाल्याला सगळे ‘आरसेवाला’ म्हणत. आरशांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण त्याने हात फिरवलेल्या कपाटासमोर उभं राहून माणसाला भांग पाडता येई, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. नखांत लाखेचा तपकिरी रंग कायमचा मुरलेला, कपड्यांना स्पिरिटचा वास. बायको म्हणायची, "तुम्ही गल्लीच्या तोंडाशी आलात की मला इथे कळतं." ती तक्रार करायची आणि हा ते कौतुक समजून खूश व्हायचा.

अलीकडे त्याच्या धंद्यात एक नवंच खूळ शिरलं होतं. पैसेवाली माणसं कोरं करकरीत टेबल घेऊन यायची आणि म्हणायची, हे जुनं करून द्या. मग आरसेवाला सायकलच्या साखळीने त्या बिचाऱ्या टेबलाला झोडपायचा, कडा घासून बोथट करायचा, ओरखड्यांत काळपट रंग भरायचा. "ज्यांच्याकडे खरंच जुनं आहे ते लाजून त्यावर चादर टाकतात," तो बायकोला सांगायचा, "आणि ज्यांना नवं परवडतं ते जुनं मागतात. पैसा झाला की माणसाला काय सुचेल नेम नाही." सांगताना हसायचा, पण त्या कामात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता.

त्याच्या स्वतःच्या खोलीत भिंतीला लागून एक खरा जुना बाक होता. वडील लाकडाच्या वखारीत कामाला होते. गाठी फार म्हणून कुणी न घेतलेली एक जाड फळी त्यांनी घरी आणली आणि चार पाय ठोकून मुलांना बसायला दिली. हा आणि याचा धाकटा भाऊ त्यावर बसून जेवले, गुडघ्यावर वही ठेवून अभ्यास केला, एकमेकांना कोपरं मारली. एक दिवस धाकट्याने कुठूनसा वाकडा खिळा आणला आणि जीभ बाहेर काढून फळीवर आडवी रेघ ओढली. "ही माझी बाजू, ती तुझी." रेघ काही मधोमध नव्हती. धाकट्याची बाजू ऐसपैस आणि याच्या वाट्याला जेमतेम एका मांडीची जागा. हा मोठा होता, एक चापट देऊन खिळा काढून घेऊ शकला असता. तो नुसता सरकून बसला. वडील हसून म्हणाले, "वाटणीत तू कायमचा नापास."

पुढे शाळेच्या बाबतीतही तसंच झालं. वडील गेल्यावर दोघांपैकी एकालाच शिकवणं जमणार होतं, आणि तो एक कोण हे कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही. याने पॉलिशचा बोळा हातात घेतला. धाकटा शिकला, फर्निचरच्या दुकानात विक्रीला लागला, मग स्वतःचं दुकान, मग तीन मजली शोरूम. हुशार होताच तो. आरसेवाला त्या शोरूमवरून जाताना मुद्दाम चाल मंद करायचा.

दोघांत भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, भांडण मिटवायला तरी माणूस येतो. इथे काहीच झालं नव्हतं, नुसतं येणंजाणं सुटत गेलं. फोनवर धाकटा नेहमी म्हणायचा, "दादा, एकदा निवांत येतो." तो निवांत काही त्याच्या आयुष्यात उगवला नाही. एकदा हाच त्याच्या बंगल्यावर गेला होता. पँटचा डाग सोफ्याला लागेल म्हणून काठावर टेकून बसला. चहा झाला, हवापाण्याचं बोलून झालं. शेवटी धाकट्याच्या बायकोने मोठ्या मायेने विचारलं, "दादा, टेबलावर कपाचा गोल डाग पडलाय, निघेल का हो?" तेव्हा कुठे याचा जीव भांड्यात पडला. दुपारभर त्याने तो डाग काढला आणि आनंदात घरी आला. रात्री मात्र त्याला वाटलं, आपण भावाकडे जाऊन काम करून आलो.

आणि मग एक दिवस धाकट्याचा फोन आला. "दादा, आपला बाक अजून आहे ना? मला देतोस? पुढच्या खोलीत ठेवायचाय." मग तो म्हणाला, "माणूस नाही पाठवत. रविवारी मी स्वतः येतो."

आरसेवाल्याने फोन ठेवला आणि त्याच बाकावर बसून राहिला. बाक गेला की धाकट्याला या घरात यायला उरणार काय, हे त्याला दिसत होतं. पण ‘मी स्वतः येतो’ या तीन शब्दांपुढे ते मागे पडलं. तो येणार, इथे बसणार, निदान पाणी पिईपर्यंत तरी बसणार. ती थोडीशी बैठक त्याला इतक्या वर्षांत हवी होती आणि मागायची कशी ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली आणि बाक अंगणात घेतला. वडिलांचा बाक बंगल्यात जाणार, मोठमोठी माणसं बघणार, कुणी नाक मुरडता कामा नये. त्याने फळी घासून घासून कोवळी केली. गाठींच्या खळग्यांत लांबीचा लगदा भरला. रेघेपाशी आल्यावर हात थांबला. त्याने तिच्यावरून बोट फिरवलं, स्वतःशीच हसला आणि म्हणाला, "आता आपल्यात रेघ कशाला?" मग तीही बुजवली, आणि पॉलिशचे एकावर एक हात देत गेला. शनिवारी संध्याकाळी बाकात दिवा दिसत होता.

तुम्ही म्हणाल, याला कळायला हवं होतं. याचाच धंदा होता ना जुनेपण विकण्याचा? पण ती गिऱ्हाइकं होती. घरच्या माणसाला कोणी जुनं, फाटकं देतं का?

रविवारी धाकटा आला. दारात वाकून आत शिरला, वहिनीला हाक मारली, तिने पुढे केलेलं पाणी उभ्यानेच प्यायला. "कुठाय?" आरसेवाल्याने चादर ओढली.

धाकटा बघत राहिला. मग खाली वाकला आणि तळहाताने फळी चाचपू लागला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा परत.

"दादा, रेघ कुठे गेली?"

"बुजवली. सांगितल्याशिवाय तुझ्या बायकोलाही कळणार नाही की तिथे काही होतं." आरसेवाला अजून शाबासकीची वाट बघत होता.

"अरे, मला तीच हवी होती." धाकट्याचा आवाज एकदम लहान झाला. "माझ्या घरात सगळं मी विकत आणलेलं आहे. कुणी सरकून मला जागा दिली, असं दाखवणारं एवढंच होतं. रोज बघावं म्हटलं."

आरसेवाल्याने रेघेच्या जागी बोट टेकवलं. तो म्हणाला, "पुन्हा काढून देतो. मी रोज करतो ते. ओळखू येणार नाही."

"मला ओळखू येईल," धाकटा म्हणाला. रागावून नाही म्हणाला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. "छान झालाय दादा. इथेच राहू दे. येतो निवांत एकदा."

तो बसलाच नाही.

तो गेल्यावर आरसेवाल्याने डब्यातून एक खिळा काढला, मुद्दाम वाकवला आणि बाकाशी बसला. रेघेची जागा त्याला डोळे मिटून सापडली असती. त्याने खिळा टेकवला. लाकडात स्वतःचा चेहरा दिसला, पांढऱ्या केसांचा. पोराच्या हातची रेघ या हातून कशी निघणार? गिऱ्हाईक फसलं असतं. त्याने खिळा परत डब्यात टाकला.

बाक पुन्हा भिंतीला लागला. संध्याकाळी कामावरून आला की तो अजूनही टोकाला अंग चोरून बसतो, एक मांडी बाहेर लोंबत. बायकोने एकदा न राहवून विचारलं, "अहो, अख्खा बाक रिकामा पडलाय. नीट पसरून बसा की."

"तिकडे तो बसतो," आरसेवाला म्हणाला.