शुक्रवारचं अजायबघर

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे नक्की झालं, त्या उन्हाळ्यात आमच्या दफ्तरात एक छापील कागद फिरला. प्रत्येकाने आपली मर्जी लिहून द्यायची होती. आंध्राकडे राहणार, म्हैसूरकडे जाणार की मुंबईकडे? आमचे हेडक्लार्क पांढऱ्या दाढीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. माझ्या हातात कागद देताना म्हणाले, "ले जाओ मियाँ, घर में दिखाओ, कल लाओ. जल्दी कायकू?"

कागद घेऊन घरी गेलो असतो तर आज सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण आजूबाजूला चारपाच मराठी मंडळी चहा पीत उभी होती. त्यांच्यासमोर माझ्या अंगात एकदम आमचा परभणी जिल्हा संचारला. मी म्हणालो, "घर में क्या पूछना साब? हमारे घर में एकीच मर्जी है, मेरी." आणि टाक उचलून लिहून दिलं: मुंबई राज्य. मंडळींनी पाठ थोपटली. त्याच फुशारकीत टपालाच्या पेटीपाशी थांबून थोरल्या भावाला गावी कार्डही टाकलं, "येतोय आपल्या मुलखात."

बरकतपुऱ्यात घरी पोचलो तर बायको दारातच उभी. तिच्या हाताला पीठ होतं आणि चेहरा असा फुललेला की मला वाटलं हिला कळलं आणि आवडलंही. ती म्हणाली, "अहो, मोठ्या बाईंनी आज बोलावून सांगितलं. सुट्टी संपली की मला कायम करणार."

ही नोकरी म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. दोन मुलं झाल्यावर, चुलीपुढे पुस्तक टेकवून हिने परीक्षा दिल्या होत्या. नारायणगुड्याच्या एका मुलींच्या शाळेत ती तीन वर्षं हंगामी शिकवत होती. दर एप्रिलमध्ये शाळा तिला मोकळं करायची आणि दर जूनमध्ये ही परत अर्ज घेऊन उभी राहायची. आता तो अर्ज संपणार होता. आणि दुपारी चहाच्या कपाशेजारी मी तो कायमचाच संपवून आलो होतो.

"वा," मी म्हणालो.

जेवताना ती म्हणाली, "मग यंदा गावाला कधी निघायचं? भावजींना सांगू या ना."

भावजींना सगळं माहीत होतं. गावी पाऊल टाकल्यावर ते ओट्यावरूनच ओरडले असते. मी पाणी पिऊन जाहीर केलं, "यंदा गाव नाही. पोरांनी हैदराबादच कुठं नीट पाहिलंय? यंदाच्या सुट्टीत हैदराबाद बघायचं. स्वस्तात."

बायको माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला बारा वर्षं झाली होती. आपणहून मी कधी कुणाला कोपऱ्यावरच्या बागेतसुद्धा नेलं नव्हतं.

पण एकदा सुरू झालो की मी थांबत नाही. दफ्तरातले पाठकोरे कागद आणून मी सुट्टीचा तक्ता केला. नियम वर: बस जाते तिथं रिक्षा नाही. हॉटेल नाही. घरून भाकरी, चटणी, दहीभात आणि सुरई. खाली ठिकाणं. पहाटे हुसेनसागरचा बंधारा. बाग-ए-आममधले वाघ. संध्याकाळी आबिड्सच्या दुकानांच्या काचा, फक्त बाहेरून. अजायबघर. शेवटी गोवळकोंडा. आमची थोरली तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने तक्ता वाचला आणि म्हणाली, "अण्णा, तुम्हाला बरं नाहीये का?"

तक्त्यात न लिहिलेली एक गोष्ट होती. प्रत्येक ठिकाणी बायकोला बाजूला घेऊन सांगून टाकायचं, हे मी मनाशी ठरवलं होतं. मर्जी महिनाअखेरपर्यंत बदलता येते असं मी धरून चाललो होतो. चांगली हवा, पाणी, झाडं बघून माणसाचा राग निम्मा होतो असाही माझा एक शोध होता.

बंधाऱ्यावर पहाटे वारा सुटला होता. पोरं पुढं पळत होती. बायकोने किती दिवसांनी डोक्यावरचा पदर सैल सोडला होता. मी खाकरलो. "एक सांगायचं होतं."

"काय?"

"या तलावात पाणी फार आहे."

"तलाव आहे तो," ती म्हणाली.

वाघांपुढेही जमलं नाही. धाकटा सात वर्षांचा होता. त्याने पिंजरा सोडायलाच नकार दिला. "नक्को, मला अजून वाघच बघायचाय," म्हणत तो गजाला लटकला आणि मी मनात त्याचे आभार मानले. आबिड्सला बायको एका काचेपुढे बराच वेळ थांबली. आत फिकट जांभळी सुती साडी लावलेली होती. "कायम झाले की पहिल्या पगारात ही घेणार," ती म्हणाली. "शाळेत नेसायला." मी पटकन पुढच्या दुकानातले कंदील बघायला गेलो. इतक्या मनापासून कंदील मी आयुष्यात पाहिले नाहीत.

मग अजायबघर, म्हणजे जुन्या वस्तूंचं संग्रहालय. त्यासाठी मी मुद्दाम शुक्रवारी किरकोळ रजा टाकली. आमचं बालपण निजामाच्या अमलातलं. तेव्हा हप्त्याची सुट्टी शुक्रवारी असायची आणि फिरायला जायचं म्हटलं की माझे पाय अजूनही शुक्रवारीच निघायचे. दोन बसा बदलून, पोरांना ठेवणीतले कपडे घालून, सुरई कडेवर घेऊन आम्ही दाराशी पोचलो. दार बंद. दफ्तरं रविवारावर गेली होती, अजायबघर मात्र शुक्रवारीच सुट्टी घेत होतं. दाराशेजारी हातभर पाटी होती. तीन भाषांत.

धाकट्याने भोकाड पसरलं. बायकोने पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "लिहिलेलं वाचायची तुम्हाला सवयच नाही. नुसतं लिहून द्यायची आहे."

कळलं की काय हिला? पण ती खाली बसून पोरांना दहीभात वाढायला लागली होती. बंद दाराच्या पायरीवर आम्ही जेवलो. त्या दिवशी तरी सांगायचं होतं. पण माणसाने एका दिवसात किती वेळा मूर्ख ठरायचं, म्हणून मी गप्प राहिलो.

महिनाअखेर चार दिवसांवर आली त्या रविवारी गोवळकोंड्याची पाळी आली. आता सुटका नव्हती. गडावर वाटाड्या करायचा नाही, हा नियमच होता, म्हणून वाटाड्या मीच झालो. दरवाजाच्या घुमटाखाली उभं राहून टाळी वाजवली की वर बालेकिल्ल्यात ऐकू जाते, हे मी आमच्या चपराशाकडून शिकून आलो होतो. आम्ही भरपूर टाळ्या वाजवल्या. पुढे कमानींच्या एका दालनात थोरलीने आणखी एक शोध लावला. एका कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यात स्वच्छ ऐकू येतं. भावंडांचा खेळ सुरू झाला. "हौल्या!" "तूच हौली!"

जरा वेळाने आवाज थांबले. बायको धाकट्याला घेऊन पायऱ्या चढताना दिसली. मला वाटलं थोरली त्यांच्या पुढं गेली असणार. दालन रिकामं, मी एकटा. रोज मोरीत पाणी ओतता ओतता जे वाक्य घोकत होतो, ते एकदा उभ्याने म्हणून पाहावं असं वाटलं. भिंतीकडे तोंड केलं, म्हणजे लाज कमी वाटते. आणि हळूच म्हणालो, "हे बघ, रागावू नकोस. मी तुला न विचारता मुंबईकडे लिहून दिलंय. आपल्याला जावं लागणार. तुझी नोकरी जाईल."

वाक्य चांगलं झालं होतं. मी वळलो. समोरच्या कोपऱ्यात, खांबाआड, थोरली भिंतीला कान लावून बसली होती. धाकटा परत येईल आणि शिवी देईल म्हणून वाट बघत होती.

ती उठली. माझ्याकडे न बघता पायऱ्या चढू लागली. मी मागून. अर्ध्या वाटेवर तिने थांबून विचारलं, "आईला तुम्ही सांगता का मी सांगू?"

"घरी गेल्यावर सांगतो ना बेटा. संध्याकाळी."

"नाही. वर पोचल्यावर. भाकरी सोडायच्या आधी."

वर वारा होता. खाली सगळं शहर पसरलं होतं आणि बायको धाकट्याला बोटाने दाखवत होती, "तिकडे कुठंतरी आपलं घर, आणि त्याच्याजवळ आईची शाळा." मी तिथंच, उभ्याउभ्या सांगितलं. घोकलेलं वाक्य आलंच नाही, तुकडे आले.

तिने बोट खाली घेतलं. मग तिने एकच विचारलं, "भावजींना कळवलंत?"

"हो."

"कधी?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे परभणीला माहीत होतं," ती म्हणाली. "आणि मी तुमच्याबरोबर वाघ बघत होते."

तिने भाकऱ्यांचं फडकं सोडलं, पोरांना वाढलं, मलाही वाढलं. स्वतः पाणी प्यायली. उतरताना तिने धाकट्याचा हात धरला आणि थोरलीने तिचा. सुरई माझ्याकडे होती.

सोमवारी सकाळी ती शाळेची साडी नेसून माझ्याबरोबर दफ्तरात आली. हेडक्लार्क उठून उभे राहिले. तिला खुर्ची दिली. मी म्हणालो, "साब, मर्जी बदलना है. महिना खतम होने को तीन दिन हैं."

त्यांनी फायलीतून परिपत्रक काढून माझ्यापुढे ठेवलं. तिसऱ्या कलमात लिहिलं होतं: बदल करावयाचा असल्यास पंधरा दिवसांचे आत. मी बोटांवर मोजलं. पंधरावा दिवस शुक्रवारी होता. त्या दिवशी रजा टाकून मी बंद अजायबघराच्या पायरीवर दहीभात खात बसलो होतो.

परिपत्रकाची ती नक्कल सूचनाफलकासाठी केलेली होती. अक्षर वळणदार होतं. माझंच.

बायकोने ते ओळखलं. तिने कागद परत फायलीत सरळ ठेवला, कोपरा जुळवून.

"अर्जी दे देव," हेडक्लार्क खालच्या आवाजात म्हणाले. "पीछे से भेज देता हूँ. वादा नहीं करता." त्यांनी पाठवली असणार. पण नेमणुकांच्या याद्या आल्या तेव्हा माझं नाव औरंगाबादला होतं.

मी गेलो. ती गेली नाही. जूनमध्येच ती कायम झाली होती, पोरं तिच्यापाशी राहिली. नोकरीत असेपर्यंत माझं असंच चाललं. पोरांना सुट्टी लागली की मी रजा घेऊन गाडीने काचीगुड्याला उतरायचो, आपल्याच घरी पाहुणा होऊन.

पहिल्या सुट्टीत आलो तेव्हा ती जांभळी साडी नेसून शाळेतून परत येत होती. जेवण झाल्यावर तिने वहीचं पान माझ्यापुढे ठेवलं. सुट्टीचा तक्ता, या वेळी तिच्या हातचा. बंधारा होता, वाघ होते. अजायबघरापुढे वार लिहिला होता आणि त्याखाली दोन रेघा. गोवळकोंडा नव्हता. तळाशी तिने एक ओळ आखली होती: मर्जी. त्यापुढे थोरलीची सही, धाकट्याची वेडीवाकडी सही आणि तिची स्वतःची.

"वाचा आधी," ती म्हणाली. "सगळं. मग सही करा."

मी पान उलटून मागची बाजूसुद्धा पाहिली. मग परत पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. थोरली समोर बसून माझ्या ओठांकडे बघत होती.