शनिवारची दुसरी चिठ्ठी

धनराजमामा गेल्याचा फोन आला तेव्हा गुरुवारची दुपार होती. आई फोनवर नुसती ‘हो… हो…’ म्हणत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत उभी होते. तिनं सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आला तो शनिवार. शनिवारी चार वाजता आमच्या खेळातले हुकूम घेणं बंद व्हायचं, आणि या वेळी मामांवरच चढाई करणारा हुकूम मी आदल्या दिवशी पाठवून बसले होते. हे लिहिताना लाज वाटते. पण पाच आठवडे झाले तरी मी तिथून पुढे सरकलेले नाही.

मामा आईचे चुलतभाऊ. सडक अर्जुनीला हायवेवर त्यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. पूर्वी ते पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळत; एक चाल लिहून पाठवायची आणि उत्तराची पंधरा दिवस वाट पाहायची. त्या पोस्टकार्डवाल्यांपैकीच कोणीतरी त्यांना इंटरनेटवरच्या एका गटात नेलं. सात जण, सात काल्पनिक राज्यं, एक नकाशा. आठवडाभर एकमेकांना पत्रं लिहून तह करायचे, मोडायचे, आणि आपल्या सैन्याचे हुकूम गुपचूप मॉडरेटरला ईमेलनं पाठवायचे. तो सगळ्यांचे हुकूम एकदम उघडायचा आणि रविवारी नवा नकाशा यायचा. त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं. मामा त्याला सरपंच म्हणत.

मामांचं राज्य समुद्रकाठचं होतं. “बोडीच्या पान्यात म्हशी धुनारा मानूस मी, अन् सरपंचानं मले समुद्र देल्ला,” असं ते गिऱ्हाइकांना सांगत. दुकानाच्या काउंटरवर त्यांनी नकाशा पुठ्ठ्याला चिकटवून ठेवला होता. त्यावर नट म्हणजे सैन्य आणि वॉशर म्हणजे जहाज. गटात एक जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी मला फोन केला. “काऊन वो कॉन्व्हेंटवाली, घरात बसून काय करून राहिली? राज्य घे एक.” मला माणसांशी बोलणं जड जातं. आम्ही राहतो त्या कुडव्यात शेजारच्या काकूंनी काही विचारलं तरी मी आधी मनात वाक्य जुळवते. पत्रात ते जुळवायला वेळ मिळतो, म्हणून मी हो म्हटलं. माझ्या वाट्याला मामांच्या शेजारचं डोंगराळ राज्य आलं.

गटात सगळं इंग्रजीत चालायचं, आणि मामांचं इंग्रजी मालाच्या पावतीपुरतं होतं. म्हणून त्यांची पत्रं ते मला फोनवर सांगत आणि मी लिहून त्यांच्या नावानं पाठवत असे. “त्याले सांग, तुह्या सैन्याले हात नाई लावत, पण बंदराकडे पाह्यलं तं टांग तोडीन.” मी लिहायची, ‘आपल्या सीमांचा मी आदर करतो, बंदराबाबत मात्र तीच अपेक्षा आहे.’ ते त्याचं मराठी करून वाचायला लावत आणि खूश होत. “वा मॅडम! शिवी देल्ली अन् समजली बी नाई.” त्यांचे सगळे तह मला ठाऊक होते. हुकूम तेवढे ते स्वतः पाठवत, कारण त्यांना दोन-चार ठरलेले शब्द पुरत. शनिवारी ऐन वेळी लाइन, म्हणजे वीज, गेली तर पंचाईत नको, म्हणून बुधवारीच हुकुमाची एक साधी चिठ्ठी टाकून ठेवत आणि शनिवारी लाइन असली की दुसरी, खरी. सरपंच शेवटची चिठ्ठी धरायचा.

त्या शेवटच्या मंगळवारी त्यांनी उत्तरेच्या राजाला पत्र सांगितलं. ‘या वेळी तू घाटावर चढाई कर, मी तुझ्यासोबत येतो.’ घाट माझा होता.

“मामा, हे मीच लिहू?”

“मंग कोन लिहीन? सरपंच?” ते हसले.

मी लिहिलं, शब्दही न बदलता. ते खरं आहे की उत्तरेच्या राजाला टाकलेला गळ, हे एका प्रश्नात कळलं असतं. मी विचारलं नाही. फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी घाटावरचं सैन्य काढून माझी दोन्ही सैन्यं मामांच्या बंदरावर पाठवायचा हुकूम दिला.

शुक्रवारी मी गटाला कळवलं, माझा हुकूम मात्र बदलला नाही. नियम असा की खेळाडू गेला तरी आलेला हुकूम धरायचा, आणि मामांची बुधवारची चिठ्ठी पोचली होती. रविवारी नकाशा आला. मामांनी बंदरावरच्या सैन्याला माझ्या घाटावरच्या सैन्याच्या पाठीशी, म्हणजे घाट राखायला मदत म्हणून, उभं राहायला सांगितलं होतं. मी घाटावर थांबले असते तर उत्तरेचा राजा तिथे आपटला असता. पण घाटावर माझं कोणी नव्हतंच. घाट त्याला मिळाला, बंदर मला.

मग वाटलं, तो बुधवारचा हुकूम. साधा. शनिवारी त्यांनी बदलला असता का? मी धीर करून सरपंचाला विचारलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं : शनिवारी ते बहुतेक वेळा बदलत. नेहमी नाही.

गटातल्या सगळ्यांनी शोकपत्रं पाठवली. मामांच्या पत्रांतला सौम्यपणा विसरता येणार नाही, असं एकानं लिहिलं. मामा आणि सौम्यपणा! त्यांना आठवत होता तो माणूस अर्धा मीच लिहिलेला होता. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

तेराव्यानंतर दुकानात गेले. मामी काउंटरवर बसल्या होत्या. पुठ्ठा तसाच होता, माझा नट अजून घाटावर. “घेऊन जा बाई,” मामी म्हणाल्या. “हात लावू नाई देत होते कोनाले. त्या मंगळवारी तुह्याशी बोलून झाल्यावर एकटेच हसून राहिले होते. कायले हसून राहिले, तं म्हने, पोरगी घाबरली.”

घाबरली म्हणून हसले… की फसली म्हणून? मामींना विचारून काही उपयोग नव्हता. पुठ्ठा मांडीवर धरून मी एसटीनं घरी आले.

आता मामांच्या राज्याला हुकूम देणारं कोणी नाही. त्यांचं एक जहाज उरलंय. कोणी बुडवेपर्यंत ते आहे तिथेच उभं राहणार. मी अजून खेळते. आताशा मीही बुधवारी साधी चिठ्ठी टाकून ठेवते : माझं एक सैन्य त्या जहाजाच्या पाठीशी. शनिवारी विचार करून खरी पाठवायची, असं ठरवलेलं असतं. गेल्या शनिवारी लाइन होती, नेटही चालू होतं. मी टेबलावरच्या पुठ्ठ्यासमोर बसले, त्या जहाजाचा वॉशर बोटानं जरा जागेवर सरकवला… आणि चार वाजून गेले.