शिंगांवरचे नंबर

पशुवैद्यकाची पदवी हातात आली तेव्हा रोह्यातल्या आमच्या आळीला वाटलं, झालं, आता ही दवाखाना काढणार. मी पुढे शिकायला निघाले तर शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "गुरांची डॉक्टर झाली ना ती? मग आता काय, गुरांची कलेक्टर व्हायचंय?"

आईलाही नीट माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं की दवाखान्यातला डॉक्टर आजारी जनावर बरं करतो. मला शोधायचं होतं की जनावर ठणठणीत दिसत असताना त्याच्यात आजार कुठे राहतो, आणि तिथून माणसाकडे कसा येतो. आई म्हणाली, "मग असं सांगत जा की लोकांना. नुसतं पुढचं शिक्षण, पुढचं शिक्षण काय करतेस?"

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. विषय मी स्वतः निवडला होता, लेप्टो. आमच्याकडे भाताच्या दिवसांत माणसं तापाने पडायची, पोटऱ्या दुखायच्या, डोळे पिवळे व्हायचे. काही जण मुंबईच्या इस्पितळात नेईपर्यंत उरायचे नाहीत. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून माणसाच्या अंगात शिरतात. पेणच्या खारेपाटात माणूस शेतात असो की मिठागरात, पाय पाण्यातच. तेव्हा कॉलेज मुंबईला असलं तरी अभ्यास इथेच करायचा, हे माझ्यासाठी पक्कं होतं. कासू स्टेशनवर उतरून चालत जाता येईल अशी एक वाडी मी धरली. तिथली चौतीस गुरं, आणि प्रत्येकाचं रक्त दोनदा घ्यायचं, तीन आठवड्यांच्या अंतराने.

दोनदा का, ते सांगते. एकदाच्या रक्तावरून एवढंच कळतं की या जनावराला कधीतरी लागण झाली असावी. तीन आठवड्यांनी त्याच्या रक्तातली प्रतिपिंडं चांगली चौपट झालेली दिसली, तर लागण ताजी, आणि आजार याच वाडीत आत्ता फिरतोय हे सिद्ध. म्हणजे सगळी मदार एका गोष्टीवर. दुसरं रक्त त्याच जनावराचं हवं.

माझे मार्गदर्शक म्हणाले, "कानात बिल्ले मारा." वाडीने साफ नकार दिला. आधी तिथली विम्याची एक म्हैस मेली होती, आणि दाव्यासाठी साहेब येऊन तिचा बिल्ल्यासकट कान कापून घेऊन गेले होते. तशी रीतच होती. पण वाडीने त्यातून आपला अर्थ काढला होता. ज्यांच्या ओटीवर मी बस्तान मांडलं होतं त्या काकी म्हणाल्या, "बिल्ला नको गो बाय. बिल्ला मारला का कान कापायाच येतात."

मी वाद घातला नाही. पेणच्या बाजारातून लाल ऑइलपेंटचा डबा आणि बारीक ब्रश आणला आणि प्रत्येक जनावराच्या शिंगावर नंबर घातला. सरांना कळवलं. ते म्हणाले, "चालवा. पण जबाबदारी तुमची." मी म्हटलं, माझीच. ऑइलपेंट पावसाने जात नाही, पाण्याने जात नाही. मला माझी युक्ती फार आवडली होती.

पहिल्या खेपेची रक्तं व्यवस्थित मिळाली. मानेची शीर मला पहिल्या टोचणीत सापडायची आणि ते बघायला माणसं जमायची. नळ्या थर्मासात, थर्मासात पेणच्या मासळीबाजारातला बर्फ, आणि मी संध्याकाळच्या गाडीला. वहीत एकवीस दिवस मोजून पुढची तारीख लिहिली. मधे दिवाळी होती, तिथे मी "कॉलेजला सुट्टी" असं लिहिलं. आमचं घर रोह्याच्या बाजारपेठेत. दारात कधी शेळीसुद्धा नव्हती.

एकविसाव्या दिवशी सकाळी वाडीत शिरले तर समोरून काकींची म्हैस आली. शिंगं सोनेरी, टोकांना हिरवा रंग, गळ्यात सुकलेल्या झेंडूची माळ. तिच्यामागून दुसरी, तीही सोनेरी. मग बैल, मग गाई. सगळ्या वाडीत एक लाल आकडा शिल्लक नव्हता.

"काकी, नंबर कुठे गेले?"

"कनचे नंबर? ते लाल? खरवडले."

"का पण?"

"का म्हंजे? पाडव्याच्या पुजेला म्हस काय एसटीवानी नंबर लावून उभी करू?"

काकींची धाकटी जाऊ गणपतीआधी हमरापूरला मूर्तींच्या रंगकामाला जायची. उरलेला सोनेरी रंग तिनेच आणला होता, आणि तो बसावा म्हणून बायांनी आधी काचेने शिंगं साफ तासली होती. ती कौतुकाने म्हणाली, "तुजा रंग लय चिवट व्हता, डाक्टरनी. हात दुखले आमचे. पन आता बग तरी, कशी देवावानी दिसतात!"

दिसत होती, खोटं कशाला सांगू.

मी ओटीवर बसले आणि हिशेब मांडला. पावसाळा संपला होता. नव्याने सुरू करायचं तर पुढच्या भाताच्या दिवसांपर्यंत थांबायचं, आणि माझी शिष्यवृत्ती मार्चपर्यंतची. मार्च संपायच्या आत प्रबंध गेला नाही तर पुढे माझं नाव कॉलेजच्या पटावर राहणार नव्हतं. रडून शिंगांवर नंबर उगवणार नव्हते, तेव्हा वही उघडली. पहिल्या खेपेला प्रत्येक नंबरापुढे घर, रंग आणि दातांवरून वय लिहिलं होतं. बहुतेक घरी एकच जनावर, नाहीतर एक गाय आणि एक बैल.

काकी म्हणाल्या, "मी सांगते ना कनचं कुनाचं. ल्हीव तू."

"तुम्ही सांगा. पण तुम्ही सांगितलेलं जाऊबाईंना ऐकू येता कामा नये, आणि त्यांचं तुम्हाला."

"म्हंजे आमची परीक्षा घेतेस काय गो?"

"हो."

त्या हसल्या, पण तयार झाल्या. आधी काकींना घेऊन सगळ्या वाडीत फिरले, त्या सांगतील ते लिहीत. मग त्यांना घरात बसवून धाकटीला घेऊन फिरले. मग मी एकटीने प्रत्येक जनावराचा जबडा उघडून दात वहीशी ताडले. एकोणतीस जनावरांबद्दल दोघींचं, दातांचं आणि वहीचं एकमत झालं. तीन जुळली नाहीत. त्यातला एक बैल तर जोडी लावायला दुसऱ्या गावी गेला होता आणि त्याच्या जागी तिथला आला होता. हे कोणालाच सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

उरल्या काकींच्याच दोन म्हशी. चौदा आणि पंधरा, सुई मारल्याच्या क्रमाने. दोन्ही काळ्या, दोन्ही एका वयाच्या, आणि वहीत दोघींपुढे मी एकच वर्णन लिहिलं होतं. काकी म्हणाल्या, दारातली ती चौदा. धाकटी म्हणाली, दारातली ती पंधरा.

"माजी म्हस मना वलखू येत नाय?" काकी भडकल्या.

"म्हस वलखतेस गो, सुई आधी कुनाला मारली ते कुठं बगितलंस? तू तवा चुलीपाशी व्हतीस."

"आनि तू?"

"मी दावं धरलं व्हतं!"

मी दोघींना तिथेच थांबवलं आणि सगळी रक्तं घेतली. या दोन नळ्यांवर दोरा बांधला, दारातलीच्या दोऱ्याला एक जादा गाठ.

मुंबईला तपासण्या झाल्या. एकोणतिसांत जुन्या लागणीच्या खुणा बऱ्याच मिळाल्या, ताजी लागण एकही नाही. आणि दारातल्या म्हशीचा आकडा सगळ्यांच्या वर गेलेला. दुसरीची नळी वाटेतच फुटली होती, त्यामुळे ताडून बघायला ही एकच उरली. चौदाचं पहिलं रक्त कोरं होतं, पंधराचं आधीच तेवढंच चढलेलं. म्हणजे काकी बरोबर असतील तर दारातलीला ताजी लागण झाली होती आणि माझ्या प्रबंधाला कणा मिळत होता. धाकटी बरोबर असेल तर ती जुनीच लागण, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सरांनी तक्ता पाहिला. म्हणाले, "मालकिणीचं म्हणणं धरा. कोणीही तेच धरेल."

"पण दावं जाऊबाईंच्या हातात होतं, सर."

"मग प्रबंधात उरतं काय?"

"एकोणतीस जनावरं. आणि ताजी लागण सिद्ध करता आली नाही, हे वाक्य."

"परीक्षक परत पाठवू शकतात."

"मग परत पाठवतील."

मला तेव्हा फार धाडस केल्यासारखं वाटलं नाही. जे मला माहीत नव्हतं ते माहीत आहे असं लिहायचं नव्हतं, एवढंच. पाचही जनावरं काढून टाकली. शिंगं खरवडली गेल्याची हकीकत अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात सरळ लिहिली, माझी चूक म्हणून. त्या दोन म्हशींसाठी मात्र स्ट्रेप्टोमायसिन घेऊन कासूला गेले. प्रबंधाला फरक पडत होता, उपचाराला नाही. दोघींनाही सुया मारल्या, गोठ्याचा निचरा उतारावर काढायला लावला आणि काकींना सांगितलं, चिखलात अनवाणी जायचं नाही.

"त्ये ऱ्हाऊ दे," काकी म्हणाल्या. "खरं कुनाचं निगालं त्ये सांग."

"कळायला मार्ग नाही."

"येवढी शिकलीस आनि कलत नाय?"

"नाही कळत."

धाकटी गोठ्यातून ओरडली, "मना कलतंय!"

मार्चमध्ये प्रबंध गेला, उन्हाळ्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते. त्यांनी निष्कर्षांना हातही लावला नाही, थेट त्या पाडव्याच्या पानावर आले.

"हे घडलं ते प्रबंधात लिहायची गरज काय होती?"

"पुढचा जो कोणी या भागात दिवाळीच्या सुमाराला गुरं मोजायला जाईल, त्याला उपयोग होईल."

"तुम्ही पुन्हा गेलात तर काय कराल?"

"नाकाचे ठसे घेईन. शाईने, पातळ कागदावर. माणसाच्या अंगठ्यासारखेच ते जनावराजनावराचे वेगळे असतात. आणि कामाची तारीख ठरवण्याआधी वाडीतल्या बायांना विचारीन."

"आधी का नाही विचारलंत?"

"मला वाटलं, मी इथलीच आहे."

त्यांनी सरांकडे पाहिलं, पान उलटलं आणि उंदरांबद्दल विचारायला सुरुवात केली. उंदरांचं माझं सगळं पाठ होतं. अर्ध्या तासाने मला बाहेर बसवलं, दहा मिनिटांनी आत बोलावलं आणि पदवीची शिफारस केल्याचं सांगितलं. तक्त्याखाली एक ओळ वाढवायची अट घातली: गाळलेली जनावरं पाच, कारणांसह. ती ओळ मी तिथेच उभ्याने लिहून दिली.